मदत हवी आहे : मनीच्या तोंडून बुद्धांचं सांगणं

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ राहते. गच्चीवरून त्रिरश्मी लेणी, म्हणजे आपली पांडवलेणी दिसते. रविवारी कॉलनीतल्या मुलांशी 'रोजचं सुख' यावर दहा मिनिटं बोलायचंय. उपदेश केला की पोरं जांभया देतात, म्हणून आमच्या मांजरीलाच, मनीला, बोलतं करतेय.

उन्हाचा पट्टा फरशीवर सरकतो तशी ही सरकते, चार बोटं, डोळेसुद्धा न उघडता. वाटी चाटून झाली की मिशा पुसल्या, विषय संपला. मी इगतपुरीला धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवस ध्यानाला बसून आले, तर निम्मा वेळ गुडघ्यांशीच भांडत होते!

धम्मपदातली, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली ग्रंथातली, 204वी गाथा घेतलीय, 'आरोग्यपरमा लाभा, सन्तुट्ठिपरमं धनं'. आरोग्य हा सगळ्यात मोठा लाभ, संतोष हे सगळ्यात मोठं धन. इथपर्यंत ठीक. पण हीच बया काल चिमणीवर झेपावली, तेही मुलांदेखत. आता पंचशीलातलं, म्हणजे बौद्धांच्या पाच आचारनियमांतलं, पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं! हा भाग गाळू, की तिच्याच तोंडून कबूल करवू?

आणि पाली मूळ व सोपा मराठी अर्थ एकत्र असलेली धम्मपदाची प्रत नाशकात कुठे मिळेल? शनिवारपर्यंत हवी आहे.