रडतरडत केलेली उपकारस्तुती

संकटातही देवाचे आभार मानायचे म्हणजे रडू गिळायचं का, हा प्रश्न मनाला लागला. मला नाही तसं वाटत. बायबलमध्ये प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना म्हणतो. तिथेच तो सर्वदा आनंदित असा असंही म्हणतो, पण रडू गिळा असं म्हणत नाही. बायबलमधलंच स्तोत्र १३ उघडून बघा. अवघी ६ वचनं. पहिल्या दोनच वचनांत ‘किती काळ?’ असं चारदा विचारलंय आणि शेवटी गाणं आहे. आधीची तक्रार कुणी खोडलेली नाही!

आईच्या आजारपणात उशाशी बसून मला प्रार्थनाच सुचत नसे. एवढंच म्हणायचे, ‘प्रभू, आज तिने दोन चमचे पाणी घेतलं, धन्यवाद.’ आजाराबद्दल आभार मला आजही मानता येत नाहीत. त्या दोन चमच्यांबद्दल मात्र अगदी मनापासून मानले होते.