जर्मनीत मास्टर्स: सातव्या सत्राआधी काय उरकायचं?

कलाभवन_मेकॅनिकल
एम. एस. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलचं सहावं सत्र संपत आलंय, सीजीपीए ८.२. पुढच्या वर्षीच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात जायचंय. एजंट म्हणतो, आधी आयईएलटीएस दे, बाकीचं शेवटचा निकाल लागल्यावर बघू. हे बरोबर आहे का? आणि घरी पैशांचा आकडा काय सांगू?

रावपुरेकर
निकालाची वाट बघू नकोस. अर्जाची शेवटची तारीख म्हणून १५ जुलै सगळ्यांच्या तोंडी असते, पण भारतातून येणाऱ्यांसाठी बरेच कोर्स मार्च ते मे दरम्यानच बंद होतात.

आयईएलटीएस दोन महिन्यांत होतं. वेळ खातात ते कागद, आणि आपल्या बडोद्यात त्यातही नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, इथवर ठीक. पण वडिलांच्या नावाला दहावीच्या कागदावर 'भाई', बारावीला 'राव' आणि पासपोर्टवर नुसतंच नाव, असं असेल तर आजच दुरुस्तीला लाग. पासपोर्ट हा पाया धरायचा, बाकीचं त्याला जुळवायचं. स्पेलिंगमधला फरकही यातच आला.

मग एपीएस, म्हणजे तुझे शैक्षणिक कागद खरे असल्याचं जर्मन बाजूने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं, आणि बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये. पदवी हातात नसली तरी झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिकांवर अर्ज करता येतो. हंगामात सगळे एकदम अर्ज करतात आणि आठवडे जातात, म्हणून सातवं सत्र सुरू होताच भर.

दांडियाबाजारची_मुलगी
८.२ म्हणजे जर्मन हिशेबात किती, ते आधी काढ. कमाल गुणांतून (इथे १०) तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. उत्तीर्ण ४ धरलं तर १.९ येतं, ५ धरलं तर २.०८. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. अनेक कोर्सची रेषा २.५ वर असते, त्यामुळे तुला अडचण नाही. पण सात-साडेसातवाल्यांचं भवितव्य या एका आकड्यावर ठरतं: उत्तीर्ण ४ असेल तर ७.० पुरतात, ५ असेल तर ७.५ लागतात. म्हणून ट्रान्स्क्रिप्टवर उत्तीर्ण होण्याची किमान ग्रेड छापून घे.

नकार बहुतेकदा गुणांवरून येत नाही, विषयांवरून येतो. कोर्सच्या पानावर गणित, थर्मो, मेकॅनिक्स यांचे किमान क्रेडिट दिलेले असतात. तुझ्या विषयांचे तास आणि अभ्यासक्रम त्यांच्यासमोर मांडून तक्ता कर. तो जुळत नसेल तर फी वाया घालवू नकोस. युनि-असिस्टला (बऱ्याच विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे ३०.

कलाभवन_मेकॅनिकल
धन्यवाद ताई, काका. आणि पैसे?

मांडवी_हिशेबनीस
सरकारी विद्यापीठ म्हणजे फुकट, असं सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ तर त्याहून बरंच जास्त घेतं. बाकी बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त विद्यार्थी सेवांचं छोटं सत्रशुल्क.

मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याचा खर्च व्हिसाआधीच भरून ठेवायच्या खात्याचा: वर्षाला ११,९०४ युरो, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ हाती येतात. रक्कम वाढत असते, त्यामुळे भरायच्या दिवशी पुन्हा तपास. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा) भरताना सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे ठेवायला सांग. नाहीतर मधली बँक वीस-तीस युरो कापते, खात्यात रक्कम अपुरी दिसते आणि रक्कम जमा असल्याचं व्हिसासाठीचं पत्र निघत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही. त्याहून जास्त रकमेवर कापला गेला तर पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागतच नाही. कर्ज काढणार असाल तर मंजुरी आधी, रक्कम पाठवणं नंतर.

रावपुरेकर
आणि एजंटला एक विचार: त्याची विद्यापीठांची यादी सरकारी आहे की खाजगी? कमिशन बहुधा खाजगीच देतात.