‘नेस्टेड डिक्शनरी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पायथन या संगणकभाषेवरच्या एका मराठी टिपणात मी ‘नेस्टेड डिक्शनरी’साठी ‘अंतर्गत शब्दकोश’ असे लिहिले. त्यावर एका वाचकाने विचारले की हा कोश कशाच्या अंतर्गत आहे, आणि त्यात शब्दांचे अर्थ कुठे आहेत. दोन्ही आक्षेप मला पटले. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : ‘शब्द’ आधी गाळावा. किल्ली दिली की मूल्य मिळावे, एवढेच डिक्शनरीचे काम. ती किल्ली शब्दच असेल असे नाही, अंकही चालतो. नुसता ‘कोश’ पुरेसा आहे, कारण साठा हा त्याचा अर्थ ‘राजकोश’, ‘कोशागार’ यांत टिकून आहे. (किल्लीला काही जण ‘कळ’ म्हणतात, पण ‘कळफलक’ रूढ झाल्यावर त्याने घोटाळा होतो.)

खरी अडचण ‘नेस्टेड’ची, म्हणजे एका कोशात मूल्य म्हणून दुसरा कोश ठेवण्याची आहे. इंग्रजी संज्ञा बहुधा सबंध रचनेला लावतात, तर ‘अंतर्गत कोश’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर फक्त आतला कोश येतो. म्हणून मला येथे दोन शब्द हवेसे वाटतात : सबंध रचनेसाठी ‘एकात एक कोश’ आणि आतल्यासाठी ‘पोटकोश’. पोटनियम, पोटकलम, पोटभाडेकरू ही घडण आपल्या अंगवळणी पडलेली आहे, त्यामुळे ‘पोटकोश’ समजावून सांगावा लागत नाही.

ग्रंथ["भूमिती"]["पाने"] ही ओळ पाहा. (पायथनच्या ३.० आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात.) पहिल्या कंसाने पोटकोश हाती येतो, दुसऱ्याने त्यातले मूल्य. ‘कीएरर’, म्हणजे किल्ली न सापडल्याचा दोष, दोन्ही ठिकाणी येऊ शकतो. पण ‘पोटकोशच सापडला नाही’ आणि ‘पोटकोशात किल्ली सापडली नाही’ असे लिहिले की चूक कोणत्या कंसापाशी झाली हे वाक्यातूनच कळते. ‘अंतर्गत शब्दकोशात त्रुटी’ या शब्दांतून ते कधीच कळले नसते.

प्रश्नकर्ता : ‘पोटकोश’ आवडला. तरी एक शंका आहे. बाहेरच्या कोशात आतला कोश प्रत्यक्ष नसतो, त्याचा निर्देश, म्हणजे तो कुठे आहे याची खूण, तेवढा असतो. मग ‘पोट’ म्हणणे दिशाभूल करणारे नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि ती प्रत काढताना नडते. ‘कॉपी’ने काढलेली प्रत वरवरची असते, बाहेरचा कोश नवा होतो, पण पोटकोश दोघांना तोच राहतो, त्यामुळे प्रतीत पानांची संख्या बदलली की मूळ ग्रंथातही ती बदललेली दिसते. ‘डीपकॉपी’ने मात्र पोटकोशही वेगळा होतो. तरीही मी शब्द बदलणार नाही, कारण हे सांगायला मराठीत जमिनीच्या व्यवहारातला नेमका शब्द तयार आहे : वरवरच्या प्रतीत पोटकोश सामाईक राहतो.