आग लागली तर जवानांना घरातलं काय काय सांगायचं?

सोसायटी_सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या इमारतीत मध्यंतरी आग लागली. बंब वेळेत आला, पण आत काय आहे हे जवानांना कुणालाच धड सांगता येईना. एक म्हणे सिलिंडर एकच, दुसरा म्हणे तीन. म्हणून आम्ही प्रत्येक फ्लॅटची यादी करून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायचं ठरवलंय. सिलिंडर सोडून काय लिहावं? काही सभासदांचं म्हणणं, जवानांना सगळं ठाऊक असतं, अंगावर सूट असतो, एवढी उठाठेव कशाला?

निवृत्त_फायरमन: सेक्रेटरी साहेब, यादी जरूर करा. सूट काही वेळ उष्णता थोपवतो, पण सिलिंडर फुटला तर उडणारा पत्रा त्याने अडत नाही. आणि धुराने भरलेल्या घरात आम्हाला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे ओट्याखालचा सिलिंडर काय दिसणार!

सिलिंडरचं नीट समजून घ्या. १४.२ किलोच्या टाकीत खाली द्रव, वर वायू. द्रव जिथवर आहे तिथला पत्रा फारसा तापत नाही. वरच्या भागाला ज्वाळा लागल्या की तो मऊ पडतो, आत दाब वाढतच असतो, आणि टाकी फाटते. त्यातला द्रव क्षणात सुमारे अडीचशे पट वायू होऊन पेट घेतो. म्हणून आम्ही भिंतीआडून टाकीच्या वरच्या भागावर पाण्याचा मारा करतो. पाण्याची वाफ होतेय तोवर कुणी जवळ जायचं नाही.

‘रिकामा’ सिलिंडरही लिहा. त्यात वायू उरतोच, आणि द्रव नसल्याने तो लवकर तापतो. जळता सिलिंडर ओढत जिन्यात आणणारे शूर लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि जिना, म्हणजे तुमची सुटकेची वाटच, पेटते.

व्हॉल्व्हपाशी ज्योत असेल आणि गॅस बंद करता येत नसेल तर आम्हीही ती मुद्दाम विझवत नाही. विझवली तर गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरतो आणि दुसऱ्या खोलीतल्या ठिणगीला भेटतो.

बाकी थिनर, रंग, दिवाळीचे उरलेले फटाके, लायसन्सच्या बंदुकीची काडतुसं लिहा. डिओचे डबे घरोघरी असतात, ते नाही लिहिले तरी चालेल.

गृहिणी_ठाणे: काका, आमच्याकडे ई-स्कूटरची बॅटरी वर आणून चार्ज करतात. सासऱ्यांसाठी ऑक्सिजनची टाकीही आहे. तीही लिहायची का?

निवृत्त_फायरमन: ताई, वस्तूंमध्ये या दोन्ही सगळ्यात वर लिहा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याने गादी-पडदे भडाभडा पेटतात, आणि तापलेली टाकी फुटू शकते. लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. विझली म्हणून बाजूला ठेवलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटते. दाराशी चार्जिंगला लावू नका, पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापूस आणि स्फोटकं दोन्ही होती. ती आग विझवताना आमचे ६६ जवान गेले. दरवर्षी त्या दिवशी आम्ही त्यांना मानवंदना देतो. आत काय आहे यावर जवान कुठे उभा राहणार हे ठरतं, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

सोसायटी_सेक्रेटरी: मनापासून आभार. यादीत मालकांची नावं, फोन टाकावे का?

निवृत्त_फायरमन: केबिनमधला कागद कुणीही वाचतो, नावं नकोत. फ्लॅट नंबर, वस्तू, आणि ती कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीला आहे ते लिहा. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर ते सगळ्यात आधी, मोठ्या अक्षरात. १०१ ला फोन करतानाही हेच सांगा, म्हणजे वर्दीवर, म्हणजे आगीची खबर मिळून, निघालेल्या गाडीला वाटेतच कळवता येतं.