एकनाडीमुळे लग्न अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार, आमचं तीन वर्षांपासून जमलंय, दोघंही पुण्यात नोकरीला, जात एकच, गोत्र वेगळं, मुलाच्या घरून होकार आहे. अडलंय माझ्या बाबांपाशी. दोघांचंही नक्षत्र रोहिणी, त्यामुळे नाडी (पत्रिका जुळवताना नक्षत्रावरून बघतात ती) अंत्य-अंत्य, म्हणजे एकच, आणि तो दोष मानतात. ३६ पैकी २८ गुण जुळतायत पण नाडीचे ८ गुण शून्य, आणि बाबांनी त्या शून्याभोवती पेन्सिलने गोल करून तो कागद देव्हाऱ्यात ठेवलाय, रोज पूजेला बसले की तोच समोर.

मी काय काय केलं ते सांगते. रक्तगट आणि नाडीचा काही संबंध नाही हे डॉक्टरांकडून सांगून बघितलं, बाबा म्हणाले डॉक्टरांचं ते क्षेत्र नाही. आमच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले नक्षत्र एक असलं तरी माझा चरण (नक्षत्राचा चौथा भाग) दुसरा आणि त्याचा चौथा आहे, मग दोष धरत नाहीत, पण बाबा म्हणतात ते छापील दाखवा.

जन्मवेळ बदलून पत्रिका करा असं प्लीज सुचवू नका, खोटं बोलून मला लग्न करायचं नाहीये. रजिस्टर लग्नाची ३० दिवसांची नोटीस वगैरे माहितीये, पण बाबांना डावलून नकोच, त्यांनीच कन्यादान करावं असं मला मनापासून वाटतं.

तर चरण वेगळे असतील तर एकनाड चालते हे कुठल्या पंचांगात किंवा मुहूर्ताच्या ग्रंथात स्पष्ट छापलंय, कुणी पानाचा फोटो देऊ शकेल का?