मामा-भाचीचं लग्न चर्चला चाललं कसं?

पेठकरीण:
सदाशिव पेठेत माझं वधू-वर सूचक मंडळ आहे. परवा एका गृहस्थांनी सोन्यासारखं स्थळ सगोत्र म्हणून पत्रिका न उघडताच परत केलं. डोकं शांत व्हावं म्हणून रात्री इतिहास वाचायला घेतला, तर समोर स्पेनचा चौथा फिलिप. 1649 मध्ये राजा 44 वर्षांचा, नवरी मारियाना 14 ची, सख्ख्या बहिणीची मुलगी! त्यातून ती आधी त्याच्याच मुलासाठी ठरलेली. मुलगा 1646 मध्ये वारला आणि सून व्हायची ती बायको झाली. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, ते ठीक. पण मामाने भाचीच्या मागे उभं राहायचं असतं हो, अंतरपाटाच्या पलीकडे नाही. चर्चला हे चाललं कसं?

जुना_बाजार:
चालत नव्हतंच. जवळच्या नात्यात बंदी होती, पण पोपकडून खास परवानगी काढता यायची. खरा प्रश्न इस्टेटीचा. स्पेन आणि व्हिएन्ना या हाब्सबुर्ग राजघराण्याच्याच दोन शाखा. मुलगी परक्या घरात दिली की तिची पोरं उद्या गादीवर हक्क सांगणार. त्यात प्रॉटेस्टंट घराणी बाद, मग तोलामोलाची कॅथलिक स्थळं उरली किती? या दोघांचा मुलगा दुसरा कार्लोस. जन्मापासून आजारी, दोन लग्नं करूनही मूल नाही. 1700 मध्ये तो गेला आणि वारशावरून पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.

कोथरूडचा_काका:
ताई, साटंलोटं राहिलं! 1615 मध्ये फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर, बिदासोआ नदीत, दोन राजकन्यांची अदलाबदल झाली. आपल्या फिलिपची बहीण अ‍ॅन फ्रान्सच्या तेराव्या लुईला, लुईची बहीण एलिझाबेथ फिलिपला, त्याची पहिली बायको म्हणून. अ‍ॅनचा मुलगा चौदावा लुई, एलिझाबेथची मुलगी मारिया तेरेसा. 1660 मध्ये त्या दोघांचं लग्न. म्हणजे बायको मामेबहीणही आणि आतेबहीणही. तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडायचा, बदल्यात बापाने 5 लाख सोन्याचे एस्कुदो द्यायचे, असा करार. पैसे काही आले नाहीत. मग हक्क सोडलाच नाही असं म्हणत लुईने 1667 मध्ये स्पॅनिश नेदरलंड्सवर फौज घातली.

पेठकरीण:
हुंडा थकला म्हणून फौज! आमच्याकडे फार तर मानपानावरून व्याही रुसतात. (हुंडा मागणाऱ्याचं नाव मी वहीत घेत नाही, हे सांगून ठेवते.)

जुना_बाजार:
थकलेल्या हुंड्याचं उदाहरण तुमच्या दारातच आहे. 1661 च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात मुंबई देऊ केली. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी इतकी टाळाटाळ केली की ताबा मिळायला 1665 उजाडलं. 1668 मध्ये राजाने ती कंपनीला वर्षाला 10 पौंडांनी देऊन टाकली.

पेठकरीण:
10 पौंड? आणि त्या कॅथरीनचं पुढे काय झालं?

जुना_बाजार:
मूल झालं नाही. नवऱ्याच्या मागे काही वर्षं तिथेच काढली, 1692 मध्ये माहेरी निघाली. मुंबई सासरीच राहिली.