पॅनामिंट डेझी म्हणतात ती हीच का? (डेथ व्हॅली)

रानवेडी:
नमस्कार मंडळी, मागच्या वीकेंडला लॉस एंजेलिसहून डेथ व्हॅलीला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी नॅशनल पार्कला, जाऊन आलो. तिथल्या बॅडवॉटर या खोलगट मैदानाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पिवळी फुलंच फुलं, छोट्या सूर्यफुलासारखी, दीड-दोन इंचाची असतील, नवऱ्याने शंभरेक फोटो काढले आणि येताक्षणी फॅमिली ग्रुपवर टाकलं की ही दुर्मिळ पॅनामिंट डेझी. आता पुण्याहून मावशी मागे लागलीय, बी पाठव म्हणून. पण मला शंका येतेय, दुर्मिळ असती तर अशी मैलभर पसरली असती का?

खडकावरचा:
शंका अगदी बरोबर आहे ताई. तुम्ही बघितलं ते डेझर्ट गोल्ड, म्हणजे जेरिया. एका हंगामाचं झाड, पाऊस मनासारखा झाला की अख्खं मैदान पिवळं करतं, 1998, 2005 आणि 2016 ला तर वेड लागायची पाळी आली होती लोकांना. पॅनामिंट डेझी खाली मैदानात नसतेच. बॅडवॉटरला उभं राहून समोर पश्चिमेला जी डोंगररांग दिसते ना, टेलिस्कोप पीक वगैरे, ती पॅनामिंट, आणि डेझी त्या रांगेच्याही पलीकडच्या अंगाला, पश्चिम उतारावर, घळींच्या खडकाळ कडांना. जगात दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे तुमच्या आणि तिच्यामध्ये 3,366 मीटरचा डोंगर होता 😄

ओळखायची सोपी खूण म्हणजे पानं. सगळी बुडाशी झुपक्याने, चांदीसारखी, हात लावला तर मखमल. ती लव असते, उन्हाची तिरीप परतवते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. त्या झुपक्यातून लांब उघडा दांडा वर येतो आणि टोकाला एकच फूल, पण केवढं, मोठं असलं तर पाच इंच! आणि हे बारमाही झाड आहे, वर्षानुवर्षं त्याच जागी.

रानवेडी:
अरे बापरे, म्हणजे ग्रुपवर माघार घ्यावी लागणार 🙈 एप्रिलमध्ये परत जायचा विचार आहे, नेमकी जागा सांगता का? पिन टाकली तरी चालेल.

खडकावरचा:
पिन नाही टाकणार, राग मानू नका. कासचं काय झालं बघितलंय आपण, फोटो फिरले आणि माणसं फुलांवर बसून सेल्फी काढायला लागली, शेवटी कुंपण घालायची वेळ आली. इथे तर मोजक्या घळी आहेत आणि भुसभुशीत उतार, चार जण चढले तरी दगड घसरून झुपका उपटतो. एवढंच सांगतो, बॅलरॅट नावाचं ओसाड खाणगाव आहे त्या बाजूला, तिथून डोंगराकडे बघत चालायला लागा. सापडली तर आनंद, नाही सापडली तरी दिवस वाया जात नाही.

निवडुंग_७:
मावशींना सांगा बी विसरा. नॅशनल पार्कात फूल तोडणं, बी गोळा करणं दोन्ही बेकायदा आहे. आणि समजा मिळालं तरी पुण्याच्या जुलैत ते मूळ कुजणारच, वर्षाला जेमतेम दोन-चार इंच पावसावर जगणारी जात ती.

बाय द वे, पॅनामिंट डेझीच्या शास्त्रीय नावात (Enceliopsis covillei) कोविली आहे ते फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून, 1891 च्या डेथ व्हॅली मोहिमेत होता तो. आणि कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या लोगोवर जे फूल आहे ते हेच. लोगो रोज बघणाऱ्यांपैकी किती जणांनी खरं फूल पाहिलंय देव जाणे, मी स्वतः दोन फेऱ्या मारून रिकाम्या हाताने आलोय.

खडकावरचा:
एक राहिलं, त्या बाजूचे कच्चे रस्ते पुरात वाहून जातात, 2023 च्या ऑगस्टमध्ये तर अख्खं पार्क बंद होतं. निघायच्या आधी रस्ते चेक करा, पेट्रोल फुल्ल आणि पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.

रानवेडी:
नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणतो डेझर्ट गोल्ड पण नाव काही वाईट नाहीये, ग्रुपवर राहू दे.